जुनी अलॉय बसवल्यापासून स्टिअरिंग थरथरतंय? चौथ्यांदा बॅलन्सिंग करण्याआधी हे तपासा

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. जिप्सी असो, जुनी थार असो, बोलेरो असो की आता जिम्नी. हौसेने सेकंडहँड अलॉय (हलक्या मिश्रधातूची चाकं) आणि जाड टायर घातले, पहिले आठ दिवस मजेत गेले, आणि मग हायवेवर ७० ते ८० च्या दरम्यान स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. बॅलन्सिंग केलं, थांबलं. पंधरा दिवसांनी परत सुरू. अलायमेंट केलं, थोडं कमी झालं. मग एखादा खड्डा लागला आणि पुन्हा तेच.

माझ्या जिप्सीने हे चार महिने केलं. मिरजेच्या एकाकडून १५ इंची अलॉयचा सेट घेतला होता, त्यावर २१५/७५ आर १५ मापाचे (२१५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची) ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे टायर. साताऱ्याहून कराडला शेतावर जायचं म्हटलं की नागठाणे मागे पडेपर्यंत हात बधिर व्हायचे. तीन वेळा बॅलन्सिंग, दोन वेळा अलायमेंट, आणि प्रत्येक वेळी दुकानदार मशीनवरचे दोन्ही शून्य दाखवायचा, म्हणजे चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वजनाचा फरक नाही. शून्य खरे होते आणि थरथरही खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं हे कळायला मला फार वेळ लागला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं काम पैशाचं नाही, घामाचं आहे. गाडीची मूळ लोखंडी चाकं काढल्यावर लगेच विकू नका. निदान दोन महिने ठेवा. थरथर आली की ती चारही परत बसवा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून बघा. थरथर गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे. नाही गेली तर अलॉयला शिव्या देऊन उपयोग नाही, गाडी खालून बघावी लागेल. मग अलॉय एकेक करून परत घालायची, दर वेळी तीच फेरी मारायची. स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक वेळा पुढचं चाक, सीट आणि पाठ थरथरली तर मागचं. ही सगळी उठाठेव करायला मला एक रविवार लागला आणि त्यात तीन महिन्यांच्या दुकानवारीपेक्षा जास्त कळलं. माझ्या गाडीत मूळ चाकं लावल्यावर थरथर जवळजवळ गेली, पूर्ण नाही. त्या उरलेल्या थरथरीबद्दल पुढे सांगतो.

आता थरथर परत परत का येते ते. आपल्याकडचं सगळ्यात साधं कारण म्हणजे माती. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना चाकाला कशी लिंपते ते शेतात गाडी घालणाऱ्याला सांगायला नको. ती टायरच्या नक्षीतून रस्त्यावर उडून जाते, पण चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या दिशेने जो पोकळ गोल भाग असतो तिथे बसते, वाळते आणि विटेसारखी कडक होते. बाहेरून गाडी धुतली तरी ती दिसत नाही. मी एका पुढच्या चाकातून स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलेलं ढेकूळ हातात घेतलं तर चांगलं वजनदार होतं, आणि बॅलन्सिंगची वजनं ग्रॅममध्ये मोजतात हे लक्षात घ्या. दुकानदार चाक काढून धुतो, बॅलन्स करतो, थरथर जाते. मी परत उसात जातो, थरथर परत येते. म्हणून शेतातून आल्यावर जॅक लावून किंवा खाली वाकून पाण्याचा जोर चाकाच्या आतल्या बाजूने मारा. दुकानात जायच्या आधी हे केलंच पाहिजे, नाहीतर मातीसकट बॅलन्सिंग होतं आणि माती पडली की नवीन वजनच दोष बनतं.

पण माती सगळ्यांची गोष्ट नाही. मशीनवर शून्य आणि रस्त्यावर थरथर, याचं खरं उत्तर चाकाच्या मधल्या भोकात आणि नटांच्या टोकात आहे.

बॅलन्सिंग मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून बसवतात. म्हणजे मशीन चाकाचा मध्य त्या भोकावरून धरतं. गाडीवर मात्र तो मध्य दोनपैकी एका गोष्टीने ठरतो. हबचा (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्याचा) गोल काठ भोकात घट्ट बसला तर त्याने, नाहीतर नटांच्या शंकूने. जिप्सी आणि जिम्नीला पाच स्टड (ज्यांवर नट आवळतात ते बोल्ट) आहेत, त्यांचा पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, १३९.७ मिलिमीटर आणि हबसाठीचं भोक १०८ मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा ११० असतं, म्हणजे चाक हबवर सैल. दोन मिलिमीटरने काय होतं असं वाटतं, पण चाक एक मिलिमीटर जरी एका बाजूला सरकून आवळलं गेलं तरी पूर्ण टायर मध्यापासून सरकून फिरतो. मशीनला ते कधीच दिसणार नाही, कारण मशीनवर ते चाक मध्यावरच होतं.

अशा वेळी सगळी भिस्त नटांवर असते, आणि सेकंडहँड सेटबरोबर येणारे नट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. नटाचं टोक शंकूसारखं असतं, गोलसर असतं किंवा खाली सपाट वॉशर असतो. चाकाच्या भोकाला जसा उतार दिलाय तसाच नट हवा. माझ्या सेटबरोबर आलेले नट दिसायला झकास, क्रोमचे, पण टोक गोलसर. अलॉयची बैठक मात्र सरळ शंकूची. मी एक नट काढून उन्हात धरला तेव्हा त्याच्या टोकावर फक्त एका बाजूला चंद्रकोरीएवढी चकाकी होती. बाकी सगळीकडे जुना मळ तसाच. म्हणजे पूर्ण नट टेकतच नव्हता, एका बाजूने चावत होता. तुमच्याकडेही हे बघा. नट नीट बसत असेल तर चकाकीचं पूर्ण कडं दिसतं. अर्धं दिसलं तर तो सेट बाजूला ठेवा, आधी नट बदला.

आटे हा दुसरा घोळ. सुझुकीच्या स्टडचे आटे १२ मिलिमीटर बाय १.२५ आहेत, टोयोटाचे १२ बाय १.५. चुकीचा नट दोन-तीन फेरे हाताने जातो आणि मग अडतो. तिथे दुकानातला पोरगा एअरगन लावतो आणि स्टड कामातून जातो. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, पाना फक्त आवळायला. आवळताना चाक जमिनीपासून उचललेलं असू द्या, समोरासमोरच्या क्रमाने थोडं थोडं आवळा, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आणा. नवीन चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासा. अलॉयवर जाड रंग किंवा पावडर कोटिंग करून घेतलं असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण नटाच्या बैठकीतला रंग दबतो आणि नट ढिला पडतो.

मी एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या चार कड्या कातून घेतल्या, बाहेरून ११० आणि आतून १०८. कडी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, हातात घेतली तर बांगडीपेक्षा हलकी. ती वजन पेलत नाही, वजन नटांच्या दाबानेच पेललं जातं. कडीचं काम चाक बसवताना मध्य धरून ठेवणं एवढंच. योग्य शंकूचे नट आणि या कड्या, एवढ्यावर माझी निम्मी थरथर गेली. उलट, चाकाचं भोक हबपेक्षा लहान असेल तर ते चाक सोडून द्या. जिप्सीला पुढे फ्री व्हीलिंग हब (फोर व्हीलसाठी पुढचं चाक जोडणारा-सोडणारा भाग) बाहेर आलेला असतो, त्यावरून ते चाक जाणारच नाही. भोक मोठं करून देतो म्हणणारे भेटतात, पण कातताना मध्य चुकला तर पुन्हा पहिल्याच दुखण्याला आलात.

आणखी एक. पीसीडी १३९.७ ऐकून लोक फॉर्च्युनर किंवा व्ही-क्रॉसची चाकं बघायला जातात. त्यांचाही आकडा १३९.७ च आहे, पण भोकं सहा. फोनवर पीसीडीबरोबर भोकांची संख्या विचारा, फेरा वाचेल.

आता रिम सरळ आहे का ते. याला मशीन लागत नाही. चाक गाडीवर बसवून जॅकवर उचला. आधी वरून-खालून धरून हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना बघा. मग जमिनीवर विटा रचून त्यावर एक लांब खिळा असा ठेवा की त्याचं टोक रिमच्या काठापासून केसभर लांब राहील. चाक हाताने सावकाश फिरवा. फट सारखी राहिली तर रिम ठीक. एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त मागेपुढे झाली तर रिम वाकलेली आहे. हेच आतल्या काठाला करा, कारण खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या काठाला बसतो आणि विकणारा फोटो बाहेरचा पाठवतो. नंतर खिळा टायरच्या वर धरून चाक वर-खाली होतंय का ते बघा. लोखंडी रिम थोडी वाकली तर ठोकून सरळ करणारे कारागीर आहेत आणि ते चालतं. अलॉयला आऱ्यांजवळ वेल्डिंग दिसलं तर फुकटही घेऊ नका. ओतीव अलॉय तापवलं की तिथली ताकद जाते.

चीर शोधायला जुनी वर्कशॉपची युक्ती आहे. आतली बाजू स्वच्छ पुसून डिझेलचा बोळा फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि पांढरा खडू घासा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूवर बारीक काळसर रेघ उमटवतं. मी पाहिलेल्या एका सेटमध्ये ही रेघ दोन बोटं लांब होती, आणि तो सेट नुकताच काळा रंग देऊन नवा केला होता.

लोखंडी रिम मधून कापून, पट्टी जोडून रुंद केलेली चाकंही आपल्याकडे फिरतात. दिसायला भारदस्त असतात. पण ती क्वचितच सरळ फिरतात, आणि जोडातून हवा जाते म्हणून आत ट्यूब घातलेली असते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब दिसली की कारण विचाराच.

टायरवर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवताना बऱ्याचदा ती बाजू आत जाते, म्हणून गाडीखाली वाकून बघा. चारही टायरचे आकडे वेगळे असतील तर तो सेट नाही, ती गोळाबेरीज आहे. सहा वर्षांपुढचा टायर मी घेत नाही, नक्षी कितीही खोल असो. शौकाच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, वाळतात. वर्षभर शेडमध्ये उभ्या गाडीचा टायर नव्यासारखा दिसतो, पण रबर नखाने दाबलं तर दगडासारखं लागतं. पॉलिश मारून काळाभोर केलेला असेल तर ओल्या फडक्याने घासा आणि नक्षीच्या खाचा अंगठ्यांनी फाकवून बघा, बारीक भेगा तिथे दिसतात.

खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर आडवे उंचवटे असतात, ते झीज दाखवणारे, १.६ मिलिमीटर उंचीचे. खाच खोल आहे पण हे उंचवटे कुठेच दिसत नाहीत किंवा कापलेले दिसतात, तर ती नक्षी गरम पात्याने पुन्हा कोरलेली आहे. म्हणजे तारांवर रबराचा जेमतेम पापुद्रा उरलाय. असा टायर जांभ्याच्या एका दगडावर संपतो. रिमोल्डही (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला) ओळखायला शिका, खांद्याजवळ जोडाची रेघ किंवा पायरी असते. ऑफरोड गाडीच्या पुढच्या चाकाला रिमोल्ड नको.

माझ्या सेटमधला दोष मात्र यातलं काहीच नव्हता. आठवडा-वर्ष ठीक, नक्षी ठीक, भेगा नाहीत. चाक जॅकवर फिरवताना नक्षीची मधली रेघ एका जागी येऊन डावीकडे वळायची आणि परत सरळ व्हायची, जशी पायवाट दगडाला वळसा घालते. तिथे हात फिरवला तर रुपयाच्या दोन नाण्यांएवढी उंची लागली. आतले तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटले होते. याला बॅलन्सिंग नाही, गेटर (आतून लावायचं ठिगळ) नाही, दुरुस्ती नाही. असा टायर वेगात फाटतो. तीन वेळा दुकानदारांनी त्याच टायरवर वजनं चिकटवली होती, एका चाकावर १४० ग्रॅम. एवढं वजन मागणारा टायर दुकानदाराने उतरवून दाखवला पाहिजे आणि आपणही मागणी केली पाहिजे. निदान टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोजमाप फारसं बदललं नाही तर दोष रिममध्ये, वजनाची जागा टायरबरोबर फिरली तर टायरमध्ये. आत पंक्चरचं द्रव भरलेलं असेल तरी मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, तेव्हा आधी ते पुसून काढायला लावा.

मूळ चाकांवरही राहिलेल्या थोड्या थरथरीचं सांगतो. आमच्या गल्लीतले मिस्त्री मामा गाडीखाली झोपले आणि म्हणाले, “तू आत बसून ब्रेक दाबून धर, मी चाक वर-खाली हलवतो.” ब्रेक दाबला की चाकाच्या बेअरिंगचा खेळ बंद होतो. तरीही चाक हललं तर तो किंगपिन बेअरिंगचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिथला खेळ. माझं हललं. नंतर चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, तिथे टाय रॉडचा (चाकं वळवणाऱ्या दांड्याचा) एक एंड ढिला निघाला. पाट्यांवरच्या अख्ख्या ॲक्सलच्या गाडीत हे भाग झिजले की मूळ बारीक चाकांवर फार कळत नाही. चाक बाहेर गेलं आणि टायर जड झाला की तेच झिजलेपण स्टिअरिंगला येऊन धडकतं.

म्हणून ऑफसेट बघा, म्हणजे चाक हबला टेकतं ती जागा चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते. अलॉयच्या मागच्या बाजूला ईटी आणि आकडा ओतलेला असतो. समजा मूळ चाक साडेपाच इंच रुंद, ईटी अधिक ५, आणि घेताय ते ८ इंच रुंद, ईटी उणे २०. चाकाचा मध्य २५ मिलिमीटर बाहेर गेला, रुंदीचे ३२ मिलिमीटर वर, म्हणजे बाहेरचा काठ ५७ मिलिमीटर बाहेर. आतला काठ त्याच वेळी ७ मिलिमीटर पाट्यांकडे सरकला. किंगपिनपासून टायर जितका लांब, तितका प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला जास्त हिसका देतो. शिवाय टायर मडगार्डबाहेर आला की वळताना घासणं, चिखल काचेवर, आणि कायद्याचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. माझ्या मते जिप्सीसारख्या एक टनाच्या गाडीला ६ किंवा ७ इंच रुंदी पुष्कळ झाली. २१५/७५ टायरला रिमची रुंदी साडेपाच ते ७ इंचच चालते. ८ इंची रिमवर तो ताणून बसतो आणि चढावर हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की काठ सोडतो.

टायरची उंचीही मोजून घ्या. जिप्सीचा २०५/७० आर १५ साधारण ६६८ मिलिमीटर उंच, २१५/७५ आर १५ साधारण ७०४. स्पीडोमीटरचा ६० प्रत्यक्षात ६३ होतो, ते चालतं. २३५/७५ ला गेलात तर ७३४, म्हणजे ६६ च्या आसपास, आणि यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरला गाडी कण्हायला लागते.

नक्षीचं थोडक्यात. काळ्या मातीत ऑल टेरेनच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, तिथे मोठ्या खाचांचा मड टेरेनच (चिखलाचा टायर) चालतो. पण तुमचं बहुतेक फिरणं ठोसेघर, चाळकेवाडी, पाटणच्या डोंगरवाटा आणि माण-खटावचा मुरूम असं असेल तर ऑल टेरेनच घ्या आणि टायरची बाजूची भिंत मजबूत आहे का ते बघा, कारण जांभा बाजूलाच कापतो. कोणताही टायर घातला तरी कासच्या सड्यावर गाडी उतरवायची नाही. तिथली बोटभर माती तयार व्हायला पिढ्या जातात.

बघायला जाताना मी आता व्हर्निअर (भोकाचं माप घ्यायला), टॉर्च, खडू, डिझेलची बाटली आणि आपल्या गाडीचा एक नट सोबत नेतो. कुपवाडला एकाने “दादा, अलॉय कडक आहेत, फक्त बसवा आणि पळवा,” असं सांगून टायर उतरवायला नकार दिला. मी परत आलो. टायर उतरवून आतून बघू देत नसेल तर बघण्यासारखं काहीतरी आत आहे असं धरा. नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त पैसे जुन्या सेटला कधीच देऊ नका, त्यात नट, कड्या, बॅलन्सिंग आणि एखादा बदली टायर धरावाच लागतो.

शेवटची अडचण स्टेपनीची, कारण सेट चारचाच येतो. मागे मूळ चाक ठेवलं तर ते उंचीला कमी आहे. पंक्चर झालं तर ते मागे लावून हळू घरापर्यंत यायला हरकत नाही, पण तेव्हा डांबरी रस्त्यावर फोर व्हील अजिबात टाकू नका. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत) पुढच्या-मागच्या चाकांचा फरक सोडवायला काही नाही, ताण गिअरांवर येतो. आणि अलॉयचे नट लोखंडी चाकाला नीट बसतीलच असं नाही. मी मूळ पाच नट ग्रीसचं बोट लावून प्लास्टिकच्या डबीत घातलेत आणि डबी जॅकच्या पिशवीतच बांधून ठेवली आहे.